साहेबाचा बंगला आणि जानेवारी

गोऱ्या साहेबाने उन्हाळा चुकवण्यासाठी बांधलेल्या घरात जानेवारीत मुक्कामाला जाऊ नये, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. शिकवतात काय, तर महाबळेश्वर हे थंड हवेचं ठिकाण आहे, उंची सुमारे साडेचार हजार फूट आणि कृष्णा तिथे उगम पावते. थंड हवा म्हणजे कुठल्या महिन्यातली, रात्री किती वाजताची आणि पांघरूण कुणाचं, हा तपशील भूगोलाच्या पुस्तकात नसतो.

आमचे मेहुणे भूगोलातले नाहीतच, ते इतिहासातले. निवृत्त झाल्यापासून त्यांना हॉटेलं आवडेनाशी झाली आहेत. "हॉटेल काय हो, कोथरूडातही आहे. मला वास्तू हवी," असं ते म्हणतात. वास्तू शोधता शोधता वेण्णा तलावाच्या बाजूला त्यांना एक ब्रिटिशकालीन बंगला सापडला. त्याचं नाव सांगत नाही, कारण बंगल्याचा यात काही दोष नाही. तो ज्यासाठी बांधला होता ते काम तो इतक्या वर्षांनंतरही चोख करतो आहे.

निमित्त पेपरातल्या बातमीचं झालं. दर हिवाळ्यात ही बातमी येते: 'वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठले'. सोबत फोटो असतो. एका गाडीच्या टपावर पांढरं काहीतरी खरवडणारे चार-पाच जण, सगळे कानटोपीत आणि सगळे खूश. खाली 'मिनी काश्मीर' हे शब्द असतातच. मेहुण्यांनी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, बायकोने त्यावर बदाम टाकला, आणि माझं मत विचारायचं राहून गेलं.

वाटेत वाईला माझ्या आत्याला घेतलं. आत्या ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे आणि उंबरठ्यावरूनच सगळ्यांना सूचना देते. तिने गाडीत एक भलंमोठं बोचकं चढवलं.

"आत्या, तिथे सगळं मिळतं. ब्लँकेटं, रजया, सगळं," मेहुणे म्हणाले.

"असू दे. जागा नसेल तर मांडीवर घेते."

पसरणी घाट संपेपर्यंत ते बोचकं अर्धं माझ्या मांडीवर आलं होतं. त्यात गोधड्या होत्या. या गोष्टीचं महत्त्व मला पुढे रात्री कळणार होतं.

बंगला पाहताक्षणी मेहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते वाऱ्याने. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, उतरतं पत्र्याचं छप्पर, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, भिंतीवर गव्याचं शिंगासकट मुंडकं. आत लाकडी जमीन, तीही अशी की मधल्या रात्री कुणी बाथरूमला उठलं तर सगळ्या कुटुंबाला कळावं. छत इतकं उंच, की वरचा दिवा लावला तर उजेड खाली पोचेपर्यंत मंद होई. आणि खिडक्या! प्रत्येक भिंतीला खिडकी, खिडकीच्या वर झरोका, आणि झरोका बंद करायची सोय नाही. वारा उत्तरेकडून येऊन, आमची चौकशी करून, दक्षिणेकडून बाहेर पडत होता.

बंगल्याच्या राखणदाराला सगळे मामा म्हणत. कानटोपी, स्वेटर, त्यावर कोट, त्यावर मफलर. मेहुणे त्यांना विचारत होते की या वास्तूत कोण कोण राहून गेलं. मी विचारत होतो की मामा, तुम्ही कुठे झोपता.

"मी व्हय? मागं," असं म्हणून त्यांनी हात हलवला आणि विषय संपवला.

दिवाणखान्यात फायरप्लेस होती. काळ्या दगडाची, वर नक्षी, बाजूला लोखंडी चिमटे टांगलेले. ती पाहून बायकोचा चेहरा प्रथमच उजळला. "मामा, ही पेटवता येईल ना रात्री?"

"न्हाय जी. चिमणीत मव्हाळ हाय."

"मग मोहोळ काढत का नाही?" मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या नातवंडांना बाहेर काढा म्हणालो. "आग्या न्हाय ती सायब, सातेरी हाय. गुणाची माशी. धूर दिला तर जाईल बिचारी."

मेहुण्यांनी लगेच माहिती पुरवली की इथून जवळच मांघर नावाचं गाव आहे, ते २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तेव्हा या भागात मधमाशीला हात लावणं बरं दिसत नाही. थोडक्यात काय, तर त्या बंगल्यातली एकमेव उबदार जागा माश्यांनी आधीच आरक्षित केली होती.

संध्याकाळी मेहुण्यांनी व्हरांड्यात इतिहासाचा तास घेतला. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना त्यांना ही जागा आवडली. १८२९ साली त्यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. लोणावळ्याशेजारचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं.

"खंडाळ्यात उकडतं," आत्या गोधडीतून म्हणाली. "महाराजांचं बरं झालं."

पुढे १८४२ साली अप्पासाहेब महाराजांनी हा तलाव बांधला, गावाला पाणी मिळावं म्हणून. होड्या, घोडे आणि मक्याची पॅटिस ही मागाहून आलेली संस्कृती. मग महाबळेश्वर ही मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी झाली. गव्हर्नर उन्हाळ्यात इथे, पावसाळ्यात पुण्याला, गणेशखिंडीच्या बंगल्यात, म्हणजे आता जिथे विद्यापीठ आहे तिथे, आणि–

"आणि थंडीत?" मी विचारलं.

"थंडीत मुंबईला."

मी खुर्चीत सरळ बसलो. ज्या माणसासाठी हे सगळं केलं, तो जानेवारीत इथे नसायचाच. साहेब येई तो मार्च-एप्रिलमध्ये, खाली मुंबईत घामाच्या धारा लागल्यावर. त्याला गारवा हवा होता, म्हणून छत उंच केलं, म्हणजे ऊब वर जाईल. भिंतीभिंतीला खिडक्या पाडल्या, म्हणजे उरलेली ऊब बाहेर जाईल. भोवती व्हरांडा घेतला, म्हणजे ऊन आत येणार नाही. आणि चुलीची धग लागू नये म्हणून स्वयंपाकघर मूळ घरापासून तोडून पार मागे बांधलं. जे जे म्हणून गरम असेल ते घरापासून दूर ठेवायचं, या एका तत्त्वावर ती वास्तू उभी होती. आम्ही हिवाळ्यात पैसे भरून त्या तत्त्वाच्या मधोमध बसलो होतो.

"किती शास्त्रशुद्ध बांधकाम आहे बघा," मेहुणे म्हणाले. त्यांच्या दाढेवर दाढ आपटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

त्या तोडलेल्या स्वयंपाकघराचा प्रत्यय जेवताना आला. मामा भाकरी आणि बटाट्याचा रस्सा घेऊन तिथून निघत, तेव्हा ताटातून वाफा येत असाव्यात. उघड्या बोळातून ते आमच्यापर्यंत पोचत तोवर रश्श्यावरचा तवंग घट्ट झालेला असे. बटाटा पाहून मेहुण्यांना पुन्हा इतिहास आठवला. इथे एकेकाळी तुरुंग होता. तिकडे पूर्वेकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी त्यात असत. बटाट्याची, भाज्यांची लागवड आणि वेताच्या टोपल्या विणणं इथल्या लोकांना त्यांनी शिकवलं. १८६४ साली तुरुंग बंद झाला. उकाड्याच्या मुलखातले ते लोक शिक्षा म्हणून महाबळेश्वरला पाठवले होते, हे ऐकून इंग्रजांच्या न्यायबुद्धीची मला पहिल्यांदा नीट कल्पना आली.

आता रात्र. पलंग प्रशस्त होता. चारही कोपऱ्यांना खांब, मध्ये गादी, गादीत एक खड्डा. तो खड्डा पिढ्यानपिढ्यांच्या पाहुण्यांनी मिळून केला असणार. त्यात मी आणि बायको आपापल्या बाजूने घरंगळत भेटत होतो, आणि त्या थंडीत दोघांपैकी कुणाचीच तक्रार नव्हती. ब्लँकेट जाड होतं, पण दमट. ते अंगावर घेतल्यावर आधी आपल्याला ते तापवावं लागे, मग ते आपल्याला तापवणार. आमचा व्यवहार पहिल्या हप्त्यातच अडकला. मी पायमोजे घातले, मग हातांत पायमोजे घातले. माझ्या अंगातून जी काही ऊब निघत होती ती सरळ वर जात होती. आढ्यावर कबुतरं होती. त्यांची झोप उत्तम लागली असावी, मधूनच कुणीतरी समाधानाने घुमत होतं.

"अहो," बायको अंधारात म्हणाली, "आत्यांकडे किती गोधड्या आहेत?"

एवढा एकच विचार त्या घरात सगळ्यांच्या मनात होता. बाहेर लाकडी जमीन करकरली. मी दार किलकिलं केलं, तर मेहुणे बॅटरी घेऊन आत्याच्या खोलीच्या दिशेने चवड्यांवर निघालेले. "जरा विचारपूस करून येतो, वय झालंय त्यांचं," ते म्हणाले. मीही विचारपूस करायला मागोमाग गेलो. आत्याचा पलंग रिकामा! आत्या नाही, गोधड्या नाहीत आणि शेजारच्या खाटेवरचा आमचा मुलगाही नाही. भिंतीवरच्या गव्याने आमच्याकडे पाहिलं. या भागात खरे गवेही फिरतात, हे मेहुण्यांनी संध्याकाळीच सांगितलं होतं, त्यामुळे ते आता गप्प होते.

बोळाच्या टोकाला उजेड दिसला. स्वयंपाकघराशेजारी मामांची खोली. दहा बाय दहा, छत डोक्याला लागेल एवढं, एकच खिडकी आणि तिच्यात पोतं कोंबलेलं. मधलं दार उघडं आणि पलीकडे चूल धगधगत होती. चुलीपुढे आत्या मांडी घालून मामींशी कुळथाच्या पिठल्यावर चर्चा करत होती. आमचा मुलगा तिच्या मागे गोधडीत गुंडाळून घोरत होता. मामा कोपऱ्यात बिडी ओढत होते. त्यांच्या अंगात कोट नव्हता, मफलर नव्हता, बाह्यासुद्धा वर सरकवलेल्या होत्या.

"या," आत्या म्हणाली. "चप्पल बाहेर."

पहाटे मेहुण्यांनी सगळ्यांना उठवलं, कारण ज्यासाठी आलो ते हिमकण बघायचे होते. मुलगा विज्ञान शाखेत आहे. तलावाकडे चालता चालता तो सांगू लागला, "आभाळ निरभ्र असलं की जमिनीची उष्णता रात्री भरभर निघून जाते. थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत येऊन खोलगट जागेत साठते. म्हणून बाजारपेठेपेक्षा तलावाकाठी जास्त गारठा असतो."

"म्हणजे बाजारात खोली घेतली असती तर?"

"कमी थंडी. आणि स्वस्त."

मेहुणे भरभर पुढे गेले.

हिमकण होते, हे मान्य करायला हवं. होड्यांच्या धक्क्याच्या फळ्यांवर, गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर बसला होता. पाण्यावरून वाफा उठत होत्या. घोड्यांच्या नाकपुड्यांतूनही उठत होत्या. दृश्य खरंच सुंदर होतं. पण ते बघायला डोळे उघडे ठेवावे लागत, आणि उघडले की त्यांत वारा जाई. आमच्याआधीच शे-दीडशे माणसं तिथे जमून लोकांच्या गाड्या खरवडत होती. कुणी डब्याच्या झाकणात बर्फ गोळा करत होतं, कुणी तो चाखत होतं. एका आजोबांनी तो खिशात घातला. मेहुण्यांनी आमच्याच गाडीच्या काचेवर बोटाने मुलीचं नाव लिहून अमेरिकेला फोटो पाठवला. तिच्या गावी दारात दोन-दोन फूट बर्फ साचतो. तिचं उत्तर आलं, 'काच पुसून ठेवा.'

तेवढ्यात एक फोटोवाला आला. बहुधा पेपरचाच असावा. म्हणाला, "काका, तुम्ही मघाशी कुडकुडत होतात ना, तसे परत कुडकुडा." मी त्यासाठी वेगळं काही केलं नाही.

परतल्यावर आंघोळीचं नाव कुणी काढलं नाही. बंब तापला होता, तांब्याचा, देखणा. पण तो होता स्वयंपाकघराच्या मागे, आणि न्हाणीघर बंगल्याच्या दुसऱ्या टोकाला. बादली तिथे पोचेपर्यंत पाण्याचं काय होणार, हे रश्श्यावरून कळलंच होतं.

निघताना मामांनी अभिप्रायाची वही पुढे केली. मी मागची पानं चाळली. एप्रिल-मेमधले अभिप्राय टपोऱ्या, गोल अक्षरांत: 'स्वर्ग!', 'एसीची गरजच नाही!', 'इंग्रजांना मानलं!' डिसेंबर-जानेवारीतले अभिप्रायही स्तुतीचेच होते, पण त्यातली प्रत्येक ओळ थरथरलेली. 'अविस्मरणीय' हा शब्द पुन्हा पुन्हा आला होता आणि एकाही जागी त्याची वेलांटी ताठ नव्हती. मेहुण्यांनी पाऊण पान लिहिलं. त्यात माल्कम होता, जांभा दगड होता, वारसा जपण्याची गरज होती. वाचता येत होतं ते एवढंच.

मग आत्याने वही मागून घेतली, चष्मा लावला आणि शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं ठसठशीत, सरळ रेषेत लिहिलं: 'चूल उत्तम. बंगला पाहणे झाले नाही.'