एकट्याने दिलेले मत

सांगलीहून माझ्या थोरल्या चुलतभावाने गेल्या रविवारी फोनवर पुन्हा तेच सुनावले: पक्षाचा आदेश मोडतो तो गद्दार, मग कारण काहीही असो. २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यापासून आमच्या घरात निष्ठेची हीच एक व्याख्या उरली आहे, आणि ती ऐकली की मला ब्रिटनचे माजी खासदार केनेथ क्लार्क आठवतात.

मी इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रिजफर्डला राहतो. क्लार्क यांचा जन्म इथलाच. वडील आधी कोळसा खाणीवर विजेची कामे करीत आणि पुढे त्यांनी घड्याळांचे दुकान टाकले. मुलगा बॅरिस्टर झाला, १९७० मध्ये रशक्लिफमधून निवडून आला आणि २०१९ पर्यंत, तब्बल ४९ वर्षे, तिथलाच खासदार राहिला. आरोग्य, शिक्षण, गृह, अर्थ, न्याय अशी खाती त्यांनी सांभाळली. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या नेतेपदासाठी ते तीनदा उभे राहिले, तिन्ही वेळा हरले, पण युरोपीय संघाच्या बाजूचे आपले मत त्यांनी बदलले नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या विधेयकावर ४९८ विरुद्ध ११४ असे मतदान झाले, तेव्हा त्यांच्या पक्षातून विरोधात गेलेले ते एकटेच होते. सप्टेंबर २०१९ मध्ये पक्षाने त्यांच्यासह एकवीस जणांना बाहेर काढले. खासदारकी मात्र कोणाचीही गेली नाही.

आपल्याकडे १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा विवेकाने एकट्याने वेगळे मत देणाऱ्याला अपात्र ठरवू शकतो आणि दोन तृतीयांश आमदार विलीनीकरणाच्या वाटेने गेले तर त्यांना अभय देतो. मग गद्दारी नेमकी कोणाची, हे मी दादाला तासभर विचारत होतो. युरोपीय संघात राहायचे की नाही, यावरच्या २०१६ च्या सार्वमतात मी इथल्या शाळेच्या हॉलमध्ये, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने, भारतीय पासपोर्टवर मत दिले होते. सांगली सोडल्यापासून तिथे एकदाही दिलेले नाही.

दादा शांतपणे म्हणाला, "तिकडचा पासपोर्ट घेतलास, तेव्हा तू कोणाला विचारलं होतंस?"

कोपरा कापलेला जुना पासपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात आहे. क्लार्क यांनी आपले मत भर सभागृहात, सगळ्यांच्या देखत दिले; मी मात्र नागरिकत्वाचा अर्ज भरल्याचे आईला दोन महिने कळू दिले नव्हते.