‘प्रार्थनेनं आयव्हीएफचं यश दुप्पट’: ते संशोधन कोणाचं होतं, ते तरी बघा

माझी धाकटी बहीण ३७ वर्षांची आहे. आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची, पहिली सायकल (फेरी) फसली, दुसरीची तारीख ठरली. परवा तिचा मेसेज आला, “दादा, हे वाच ना. महिनाभर थांबू का?” सोबत एक फॉरवर्ड होता. अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठानं सिद्ध केलंय की अनोळखी माणसांनी प्रार्थना केली तर टेस्ट ट्यूब बेबीचं यश दुप्पट होतं, मोठ्या जर्नलमध्ये छापून आलंय, आजवर कोणी खोडलेलं नाही. म्हणून आधी सामूहिक अनुष्ठानात नाव नोंदवा, इंजेक्शनं नंतर.

हा फॉरवर्ड नात्यातल्याच एका मावशींनी पाठवला होता. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. फॉरवर्डबद्दल मात्र आहे.

छापून आलं होतं, हे खरं. सप्टेंबर २००१ मध्ये ‘जर्नल ऑफ रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन’ या खऱ्याखुऱ्या वैद्यकीय नियतकालिकात. प्रार्थना झालेल्या गटात ५० टक्के बायकांना गर्भ राहिला, दुसऱ्या गटात २६ टक्के, हे आकडेही त्यात आहेत. कोलंबियानं स्वतः त्याचा गाजावाजा केला, हेही कबूल. पण उपचार झाले दक्षिण कोरियातल्या सोल शहरात, एकूण १९९ बायकांवर. आपण कुठल्या अभ्यासात आहोत, हे त्यांतल्या एकीलाही सांगितलं नव्हतं. मूल होण्यासाठी धडपडणाऱ्या बाईला न विचारता तिच्यावर प्रयोग करायचा, याला मी संशोधन म्हणणार नाही.

आता लेखक बघा. निबंधावर तीन नावं होती: क्वांग चा, डॅनियल वर्थ आणि कोलंबियाच्या स्त्रीरोग विभागाचे प्रमुख रोजेरिओ लोबो. कोलंबियाचं वजन आलं ते लोबो यांच्या नावामुळे. अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं संमतीच्या मुद्द्यावर चौकशी सुरू केली, तेव्हा विद्यापीठानं कळवलं की अभ्यास संपल्यावर सहा ते बारा महिन्यांनी लोबो यांना त्याची पहिल्यांदा माहिती मिळाली आणि त्यांनी फक्त लेखनाला मदत केली. २००४ मध्ये त्यांनी आपलं नावच काढून घेतलं. मग ‘कोलंबियानं सिद्ध केलं’ यातलं कोलंबिया उरलं कुठे?

प्रार्थनेच्या गटांची सगळी जुळवाजुळव होती वर्थ यांच्याकडे. हा गृहस्थ डॉक्टर नव्हे. कायद्याची पदवी आणि परामानसशास्त्रातलं, म्हणजे टेलिपथीसारख्या गूढ शक्तींच्या अभ्यासातलं, शिक्षण. २००४ मध्ये त्यानं अमेरिकेच्या न्यायालयात फसवणुकीच्या कटाचा गुन्हा कबूल केला. एका केबल कंपनीला वीस लाख डॉलरहून जास्त रकमेला गंडवण्याचं प्रकरण होतं. पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्याच्या हिशेबावर न्यायालयाचा विश्वास नाही, त्याच्या आकड्यांवर माझ्या बहिणीनं एक महिना सोडायचा?

‘कोणी खोडलं नाही’ हे तर सरळ खोटं. कॅलिफोर्नियातले स्त्रीरोग आणि प्रसूतीशास्त्राचे प्राध्यापक ब्रूस फ्लॅम यांनी वर्षानुवर्षं या निबंधाचा पिच्छा पुरवला. वर दिलेलं बरंचसं त्यांच्याच लिखाणातून लोकांपुढे आलं. निबंधाचे लेखक क्वांग चा यांनी फ्लॅम यांच्यावर बदनामीचा दावा ठोकला, न्यायालयानं तो फेटाळला. अभ्यासाची रचना किती गुंतागुंतीची होती, त्यात मी शिरत नाही. एक गट बायकांसाठी प्रार्थना करणार, दुसरा गट पहिल्याच्या प्रार्थनेला यश यावं म्हणून, यावरून कल्पना यावी.

प्रार्थनेनं मन शांत होतं का? होतं. आमची आई रोज देवापुढे बसते, बहिणीसाठी नवस बोलली आहे, मी तिला कधी अडवणार नाही. पण ती इंजेक्शनं थांबव म्हणत नाही. फॉरवर्ड तेच सांगतो, आणि राग त्याचाच आहे. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत झपाट्यानं घसरते. आज एक महिना, मग अनुष्ठान पूर्ण झालं नाही म्हणून आणखी एक, मग सणवार. गेलेले महिने कोणीही परत आणून देत नाही.

बहिणीला मी सांगितलंय, तारीख बदलायची नाही. तुमच्या ग्रुपवर हा मेसेज आला असेल आणि तिथे उपचार घेणारी कोणी असेल, तर तिला आजच फोन करा. ग्रुपवर नुसतं उत्तर टाकून थांबू नका, तिनं ते वाचलं की नाही, तुम्हाला कळणार नाही.