वेगळी लाइन म्हणजे सुरक्षित लाइन नव्हे

सरकारी नेटवर्क इंटरनेटपासून वेगळं असलं की एन्क्रिप्शनचा (डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बदलून पाठवण्याचा) खर्च वाचवता येतो, हा लेखातला मुद्दा अजिबात पटला नाही. फायबर केबल थोडी जास्त वाकवली की कडेने जरासा प्रकाश बाहेर झिरपतो आणि तेवढ्यावरून आतला डेटा टिपता येतो. केबल तोडावीही लागत नाही. डेटा उघडाच जात असेल, तर वेगळ्या लाइनचा उपयोग काय?

बरं, ‘एन्क्रिप्टेड आहे’ एवढं म्हणूनही भागत नाही. अनेक देशांचे पोलीस टेट्रा नावाची वायरलेस रेडिओ यंत्रणा वापरतात. तिचे एन्क्रिप्शनचे अल्गोरिदम, म्हणजे पद्धती, वर्षानुवर्षं गुप्त होते. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी ते उलगडून दाखवले, तेव्हा त्यातल्या टीईए-१ या अल्गोरिदममधली ८० बिटांची किल्ली (डेटा उघडणारा गुप्त आकडा) आतल्या आत ३२ बिटांवर आणलेली, म्हणजे ओळखायला खूपच सोपी केलेली निघाली. साध्या लॅपटॉपवर मिनिटभरात फुटेल इतकी कच्ची! याउलट एईएस हा एन्क्रिप्शनचा अल्गोरिदम २००१ पासून सगळ्या जगासमोर उघडा आहे, तरी अजून टिकून आहे. सरकारांनी असंच पारखलेलं घ्यावं. आणि किल्ल्या टेलिकॉम कंपनीच्या हाती सोपवू नयेत, त्या खात्याच्याच ताब्यात राहतील अशी अट निविदेतच घालावी.