अहवाल चांगला आला म्हणून जमीन कोनफळाची होत नाही

‘माती परीक्षणाचा अहवाल चांगला आला की कोनफळ बिनधास्त लावा. जमीन जितकी काळी-भारी, तितका कंद मोठा. उरलंसुरलं खत भरून काढतं.’ कोनफळ या जमिनीखाली वाढणाऱ्या कंदाबद्दल हा संदेश सध्या जोरात फिरतोय.

आधी अहवालाचं बघू. नमुना साधारण वरच्या १५-२० सेंमी थरातला असतो. त्यातून सामू (मातीची आम्लता, म्हणजे पीएच), सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) कळतं आणि ते कळायलाच हवं, साधारण ५.५ ते ६.५ सामू या पिकाला मानवतो. पण लांब कंदाच्या जाती अर्धा मीटर, कधी त्याहूनही खाली जातात. तिथे मुरूम, गोटे किंवा नांगराने आवळलेला थर लागला की कंद वाकडा होतो, त्याला फाटे फुटतात. अहवालात याचा पत्ताही नसतो.

म्हणून खड्डा खणायचा. मीटरभर खोल, माती ओलसर असताना. त्याच्या भिंतीत सुरीचं टोक वरून खाली दाबत जायचं. टोक जिथे अडतं, तिथे कंदालाही त्रास होणार. राखाडी मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर तो थर वर्षातला बराच काळ पाण्यात असतो. कंद कुजायला तेवढं पुरतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

काळ्या-भारी जमिनीचा दावा तर उलटाच आहे. चिकणमातीत निचरा मंद, काढणीला माती घट्ट, त्यात कंद तुटतात आणि तुटलेला कंद साठवणीत टिकत नाही. शिवाय काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब असंही नाही. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनींत तो बऱ्याचदा कमीच भरतो.

खताचं म्हणणं अर्धं खरं. हे पीक पालाश भरपूर उचलतं, ती तूट खताने भरते. उथळ जमिनीत उंच वरंबे किंवा मातीचे ढीग करून थोडी खोलीही मिळवता येते. साचणाऱ्या पाण्यावर मात्र पोत्यातला उपाय नाही.

‘सहापैकी पाच गुण जुळले, आणखी काय हवं?’ असंही विचारतात. इथे सरासरी चालत नाही. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) १९७६ च्या भूमी-मूल्यमापन आराखड्यात ‘अत्यंत योग्य’पासून ‘अयोग्य’पर्यंत वर्ग आहेत, आणि वर्ग ठरवायची सावध रीत अशी की सर्वांत कमकुवत गुणाचा वर्ग तोच जमिनीचा वर्ग. निचरा अयोग्य, तर जमीन अयोग्य. सामू कितीही देखणा असो.

आणि सूत्रकृमी, म्हणजे मुळा-कंदांना लागणारे मातीतले बारीक कृमी? नेहमीच्या अहवालात त्यांचा रकानाच नसतो. त्यांची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.