अकरा वाजताची बैठक

मोबाईलवर फिरलेल्या एका स्टेटसवरून भिवंडीत दंगल होता होता टळली, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी, म्हणजे परवा, गावातल्या प्रतिष्ठितांच्या शांतता समितीची बैठक बोलावली गेली. त्या बैठकीचा फोटो एव्हाना भिवंडीतल्या बहुतेक मोबाईलवर पोहोचला आहे. धामणकर नाक्यामागच्या आमच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी वाद पेटला तो त्या फोटोवरूनच. पहिल्या रांगेत आमचे वकीलसाहेब बसलेले होते आणि त्यांच्या खांद्यावर सत्काराची शाल होती.

जमादारांनी फोटो डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला. ते पोलीस खात्यातून निवृत्त झाले त्याला काही वर्षे झाली, तरी कट्ट्यावर त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारीत नाही. "वकीलसाहेब, यात तीस वर्षांखालचा एक तरी माणूस मला बोट ठेवून दाखवा," असे ते म्हणाले.

"बैठक पोरासोरांसाठी नसते, समाजातल्या जबाबदार घटकांसाठी असते," असे वकीलसाहेब प्रत्येक शब्दागणिक पेनाने बाकावर ठोका देत म्हणाले. चहा मागवतानाही ते असेच ठोके देतात.

"मग दगडही जबाबदार घटकच मारतात का?"

वकीलसाहेबांचे म्हणणे असे होते की, बैठक हा केवळ उपचार असतो आणि खरे काम कायदाच करतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पूर्वीच्या कलम 107 खाली, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 126 खाली, वस्तीतल्या वीस पोरांकडून शांतता राखण्याची बंधपत्रे लिहून घ्यावीत, दोघांना तडीपार करावे, चौकात चार कॅमेरे बसवावेत आणि विषय संपवावा. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले आहे की, रफिकशेठ त्यांच्याबरोबर ओठ हलवू लागले. मग रफिकशेठ म्हणाले, "तुला शांतता कशी परवडेल? गावात दंगल झाली की माझे माग बंद पडतात आणि तुझ्या दारात जामिनासाठी रांग लागते."

हे लागले. वकीलसाहेबांनी ताबडतोब रफिकशेठच्या यंत्रमागाच्या वीजबिलाचा जुना दावा काढला. त्याची फी कशी अर्धीच मिळाली आणि उरलेल्या फीऐवजी चादरींचा एक गठ्ठा कसा घरी आला, हे त्यांनी साग्रसंगीत ऐकवले. चादरी धुतल्यावर आटल्या होत्या, ही तक्रारही त्यात आली. अण्णांनी मध्ये पडून दोघांना आवरले नसते, तर आम्ही बहुधा चादरींवरच घरी गेलो असतो.

जमादारांनी विषय परत आणला. 1988 साली सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले तेव्हा जमादार नुकतेच भरती झालेले शिपाई होते. शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून 7 मे 1970 रोजी पेटलेली भिवंडी आणि त्यानंतर 1984 सालची भिवंडी, या दोन आगींचे ओझे घेऊनच हे शहर तेव्हा जगत होते. खोपड्यांनी प्रतिष्ठितांच्या समितीवर विसंबून न राहता मोहल्ल्यामोहल्ल्यांत कमिट्या काढल्या. त्या 70 च्या आसपास होत्या आणि प्रत्येकीत हिंदू व मुसलमान दोघेही बसत. साध्या शिपायाला त्यांनी त्या कामात मानाने गुंतवले. जमादार म्हणाले, "मला भाषण करता येत नव्हते आणि ते करायला कोणी सांगितलेही नव्हते. मी जायचो, सतरंजीवर बसायचो आणि कोणाचे गटार कोणाच्या दारात वाहते, हे ऐकून घ्यायचो. दंगलीचा विषय कधी निघतच नसे. पण जो माणूस माझ्यासमोर सहा महिने गटारावरून भांडला, तो सातव्या महिन्यात अफवा ऐकल्यावर आधी माझ्याकडे येत असे."

6 डिसेंबर 1992 रोजी बाबरी मशीद पडली, त्यानंतरच्या दिवसांविषयी ते फार कमी बोलतात, पण त्या दिवशी बोलले. मुंबई डिसेंबरमध्ये जळाली आणि जानेवारीत पुन्हा जळाली. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेला मृतांचा आकडा 900 आहे. ज्या भिवंडीबद्दल सर्वांना खात्री होती की पहिली ठिणगी तिथेच पडणार, ती मात्र त्या दोन महिन्यांत शांत राहिली. खोपड्यांची तोवर बदली झाली होती आणि त्यांच्या जागी गुलाबराव पोळ होते, पण कमिट्यांची साखळी तुटली नव्हती. अमक्या गल्लीत माणूस कापला अशी आवई उठली की, कमिटीतला एक हिंदू आणि एक मुसलमान मिळून ती गल्ली पाहून येत आणि दोघेही एकाच ओट्यावर उभे राहून काय पाहिले ते सांगत. जमादार म्हणाले, "एकट्याने सांगितले असते तर अर्ध्या गावाने ऐकले नसते."

अण्णा पद्मानगरातले, मागावरच लहानाचे मोठे झालेले. त्यांच्या मते भिवंडीत धंदाच माणसांना बांधून ठेवतो: सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, कामगार तिसऱ्याचा, आणि उधारी सर्वांची एकमेकांत अडकलेली. हा युक्तिवाद मलाही पूर्वी पटत असे. जमादारांनी एवढेच विचारले, "अण्णा, 1984 साली उधारी नव्हती का?"

अण्णा गप्प झाले. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी आपल्या देशातल्या सहा शहरांची जोड्याजोड्यांनी तुलना करून जे दाखवले, ते याच प्रश्नाशी येऊन थांबते, असे मी तेव्हा म्हणालो. रोजची ओळख आणि सणाचा शिरकुर्मा मोठ्या शहरातली मोठी अफवा झेलू शकत नाही. ती झेलतात ती दोन्हीकडच्या माणसांनी मिळून चालवलेली मंडळे, संघटना, व्यापाऱ्यांची व कामगारांची एकत्र कामे. मुंबईत ही गोष्ट आग लागून गेल्यावर उमगली. 1994 साली माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या आणि पुढे वस्तीतल्या पोरांसाठी शांततेचे क्रिकेट सामनेही सुरू झाले. ते सामने मला फार मोलाचे वाटतात, कारण तिथे कोणी उपदेश करायला बोलावलेला नसतो.

"आणि 2006 साली तुमची कमिटी कुठे होती?" असे वकीलसाहेबांनी विचारले. त्या संध्याकाळी त्यांनी पेनाचा ठोका दिला नाही असा हा एकच प्रश्न होता.

कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून त्या जुलैत जे झाले, ते कट्ट्यावर सहसा कोणी काढत नाही. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. जमादारांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "माझ्या खात्यातली माणसे होती ती," असे म्हणून ते थांबले आणि बऱ्याच वेळाने पुढे म्हणाले, "तो वाद एका रात्रीत आला नव्हता. आमच्या जुन्या कमिटीत तो पहिल्याच आठवड्यात सतरंजीवर आला असता. पण तोवर आमची सतरंजी गेली होती, तुमच्या खुर्च्या आल्या होत्या आणि कमिटीत नाव असणे ही नगरसेवकपदाची पहिली पायरी झाली होती."

वकीलसाहेबांनी यावर काही उत्तर दिले नाही, आणि तो त्यांचा मोठेपणा मी इथे नोंदवतो.

इतक्यात समीर आला. मानकोलीच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करणारा हा बावीस वर्षांचा मुलगा बहुतेक वेळा पार्सल घेऊन जातो, बसत नाही. फोटो पाहून तो म्हणाला, "काका, या हॉलमधल्या खुर्च्या मी आणि माझ्या मित्रांनी आदल्या रात्री लावल्या होत्या. बैठकीला या, असे आम्हाला कोणी म्हणाले नाही. म्हणाले असते तरी येता आले नसते, कारण बैठक सकाळी अकराची होती."

खरे सांगतो, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. मागावरची पाळी बारा तासांची, गोदामातली तितकीच लांब, आणि आमच्या सर्व शांतता बैठका अकरा वाजता. त्या वेळेला मोकळे असतात ते निवृत्त, शेठ, पुढारी आणि वकील. ज्या पोरांच्या मोबाईलवरून ते स्टेटस फिरले, त्यांतली निम्मी त्या वेळी मागावर उभी होती आणि निम्मी रात्रपाळी करून झोपली होती.

"मग तू वेळ सांग," असे जमादार त्याला म्हणाले.

समीरने सांगितली ती वेळ रात्री साडेनऊची होती. रफिकशेठनी शुक्रवार सुचवला, कारण त्या दिवशी माग बंद असतात. समीर म्हणाला की गोदामाची सुट्टी शुक्रवारी नसते. अण्णांनी रविवार काढला, तर रफिकशेठ म्हणाले की रविवारी त्यांचे कामगार मागावर असतात. या एका मुद्द्यावर, दंगलीच्या इतिहासावर झाली नव्हती एवढी कडाक्याची चर्चा झाली, आणि पाऊण तासानंतर एक शुक्रवार, एक रविवार असे आळीपाळीने ठरले. पहिला विषय समीरनेच दिला: नाक्यावरचे मैदान गाड्या उभ्या करायला कोणी दिले आणि पोरांनी संध्याकाळी खेळायचे कुठे.

वकीलसाहेबांनी बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याची तयारी दाखवली. जमादारांनी ती मान्य केली, मात्र शाल घरी ठेवून यावे लागेल अशी अट घातली. "आणि सतरंजी कोण आणणार?" असे अण्णांनी विचारताच वकीलसाहेब म्हणाले की रफिकशेठच्या आटलेल्या चादरी अजून त्यांच्या माळ्यावर पडून आहेत, चार जोडल्या तर दहा माणसे बसतील. रफिकशेठ हसता हसता बाकावरून घसरले आणि समीरने त्यांना हात देऊन उठवले.