वाद्यं टाकलीच नाहीत

'किड ए' या अल्बममध्ये रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडने वाद्यं टाकून सगळं कॉम्प्युटरवर केलं, हे एका लेखातलं वाक्य पटलं नाही. त्यातल्या 'हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली' या गाण्याचा पाया साधी अकूस्टिक गिटार आहे, आणि मागे रेंगाळतो तो ओंद मार्तनो, १९२८ सालचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. तारेला बांधलेली अंगठी बोटात. बोट सरकेल तशी मींड. आवाजाचा चढउतार डाव्या हाताच्या कळीवर, आपल्या पेटीच्या भात्यासारखा! कळ सोडली की सूर बंद.

सोलापुरातली पोरं गिटारवर असा धुकट आवाज काढताना रिव्हर्ब (घुमारा देणारा इफेक्ट) हा डिस्टॉर्शनच्या (सूर खरखरीत करणाऱ्या इफेक्टच्या) आधी लावतात, मग नुसता चिखल. आधी डिस्टॉर्शन, मग व्हॉल्यूम पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं), ४००-५०० मिलिसेकंदांचा डिले (उशिरा येणारा प्रतिध्वनी), शेवटी रिव्हर्ब. व्हॉल्यूम पेडल मिटवून तार छेडा, मग हळूच उघडा. तार छेडल्याचा टणका जातो, सूर तेवढा उरतो.