हा केवळ दोन पक्षांमधला वाद नव्हता

१९१० च्या ब्रिटिश निवडणुकांवरील लेखात त्याआधीचा अर्थसंकल्पाचा वाद लेखकाने केवळ लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षांमधली चुरस म्हणून मांडला आहे, ते पटत नाही. नोव्हेंबर १९०९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे संसदेच्या लोकांनी न निवडलेल्या वरिष्ठ सभागृहाने, लिबरल सरकारचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांचा अर्थसंकल्प ३५० विरुद्ध ७५ मतांनी फेटाळला, तेव्हा पैशाच्या बाबतीत लोकनियुक्त सभागृहाचा शब्द अखेरचा, हा दोनशे वर्षांहून जुना संकेत मोडला गेला; आणि एकसंध लिखित राज्यघटना नसलेल्या देशात असा संकेत मोडणे म्हणजे घटनेलाच हात घालणे होय. या अर्थसंकल्पातल्या नव्या जमीनकराची झळ ज्यांना बसणार होती, असे कितीतरी जमीनदार वंशपरंपरेच्या हक्काने त्याच सभागृहात बसत होते, हे तर लेखात आलेलेच नाही. जानेवारीत बहुमत हुकूनही लिबरल पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ लॉर्ड्सच्या अधिकारांच्या प्रश्नावर डिसेंबरात पुन्हा मतदारांपुढे गेले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.